गवानाची मोहर

माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीचे एका वाक्यात वर्णन करावयाचे झाल्यास मी अंगठ्याचा वैरी होतो, असे म्हणावे लागेल. भालकी तालुक्यात, मांजरा नदीच्या काठच्या एका गावी, दिवसा सरकारी मराठी शाळेत मुलांना आणि रात्री कंदिलाच्या उजेडात, १९७८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाच्या उरल्यासुरल्या पाट्यांवर त्यांच्या आईबापांना मी अक्षरे गिरवावयास लावली; आणि ज्या हातांनी सावकाराच्या वहीत, पटवाऱ्याच्या दप्तरात आणि मनीऑर्डरच्या फॉर्मावर जन्मभर निळा डाग उमटवला होता, त्या हातांनी आपले नाव, ते कितीही वेडेवाकडे का असेना, स्वतः लिहिले, म्हणजे मला एखादे संस्थान खालसा केल्याचा आनंद होत असे. ३१ मे २०१६ रोजी मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा गावात अंगठेबहाद्दर म्हणावे अशी मोजकीच माणसे शिल्लक होती. पुढे थोड्याच दिवसांत रेशनच्या दुकानात एक काळे यंत्र येऊन बसले आणि ज्यांना मी एवढ्या कष्टाने सही शिकवली होती, ती सारी मंडळी रांगेत उभी राहून त्याच्यावर पुन्हा अंगठे टेकू लागली. सही करतो म्हणणाऱ्यास दुकानदार सांगे, ‘‘सहीला हितं कोण इचारतंय? अंगठा लावा.’’ त्यातही ज्यांनी साठ वर्षे खुरपे धरले, त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेलेल्या. यंत्र त्यांना ओळखीना. म्हणजे ते बिचारे सहीलाही मुकले आणि अंगठ्यालाही.

अशा स्थितीत, २०१७ साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाची वार्ता आमच्या गावी येऊन पोहोचली. सहा कोटी घरे, प्रत्येक घरातील एक इसम, वीस तासांचे शिक्षण आणि अखेरीस परीक्षा, असा तो सरंजाम होता. जन्मभर इतरांची परीक्षा घेतली, एकदा आपणही देऊन पाहावी, या विचाराने मी केंद्रावर रुजू झालो. परंतु केंद्र चालविणारा तरुण, जो इयत्ता तिसरीत माझ्याच हातच्या छड्या खाऊन शहाणा झाला होता, अत्यंत अदबीने म्हणाला, ‘‘मास्तर, तुमचं वय बसत नाही.’’ योजनेची वयोमर्यादा चौदा ते साठ होती. मनुष्य जिवंत आहे याचा दाखला सरकार त्याच्याकडून निवृत्तीनंतर मागते. आणि तो दाखला यंत्राद्वारे कसा द्यावा, हे शिकण्याचा त्याचा अधिकार मात्र या योजनेत साठीलाच संपुष्टात येत होता! हे कलम लिहिणाऱ्या गृहस्थांना वृद्ध आईबाप असावेत, पण बहुधा ते थोरल्या भावाकडे राहत असावेत.

सबब, ज्यांचे वय बसत नाही अशांचा एक वर्ग मी मारुतीच्या पारावर भरवू लागलो. मला स्वतःला ती विद्या माझ्या नातीने दिली. तिच्या अध्यापनपद्धतीविषयी एवढेच लिहितो की, माझ्या छड्यांचा हिशेब तिने व्याजासह चुकता केला.

वर्गातले सर्वांत वयोवृद्ध विद्यार्थी म्हणजे आमचे निवृत्त पोस्टमास्तर. निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेले, १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मराठीत आलेले, आणि १९५६ साली गाव म्हैसूर राज्यात गेल्यावर कन्नडही पत्करलेले. घर न सोडता तीन राजवटींची लिपी अवगत केलेला हा मनुष्य. गावच्या प्रत्येक अंगठ्याला पोस्टाच्या फॉर्मावर साक्ष घालण्यात त्यांची हयात गेली. पहिल्याच दिवशी मोबाईलने त्यांची जन्मतारीख मागितली व समोर चालू महिन्याचे कॅलेंडर उघडले. शीर्षस्थानी असलेल्या वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवले असता वर्षांची यादी उघडते, हे गुह्य तेव्हा मलाही विदित नव्हते. पोस्टमास्तर डावीकडच्या बाणावर बोट ठेवून एकेक महिना मागे जाऊ लागले. त्यांचा जन्म १९३७ सालचा; प्रवास हजारभर महिन्यांचा. वाटेत आणीबाणी आली, एकाहत्तरचे युद्ध आले, त्यांचे लग्न आले, तेथे ते क्षणभर थांबले. पुढे रझाकारांची वर्षे लागली, तेव्हा गप्प झाले. आणि चाळीसच्या आसपास पोहोचले असता नातवाचा फोन आला आणि कॅलेंडर पुन्हा आजच्या तारखेवर येऊन उभे राहिले.

जन्मतारखेच्या प्रकरणात माझाही गुन्हा कबूल करणे प्राप्त आहे. शाळेत नाव दाखल करावयास आलेल्या बापाला पोराची जन्मतारीख ठाऊक नसली की, ‘पोळ्याच्या मागंपुढं’ अथवा ‘मोठी गार पडली तवा’ असे उत्तर येई, आणि मी रजिस्टरात १ जून मांडून मोकळा होई. माझ्या गुरुजींनीही माझ्यावर हाच प्रयोग केला होता. १ जून १९५६ हा माझा जन्मदिवस केवळ त्यांच्या लेखणीचा प्रसाद आहे. परिणामी गावातील निम्मी लोकसंख्या एकाच दिवशी जन्मास आली. आता चार अंकी पिन ठेवण्याची वेळ आली तेव्हा सर्वांनी, लक्षात राहावा म्हणून, ०१०६ हाच ठेवला. एका पिनाने निम्म्या गावाची तिजोरी उघडावी, अशी व्यवस्था मी चाळीस वर्षांपूर्वीच करून ठेवली होती.

पेठगल्लीतल्या आक्कांची अडचण निराळी होती. मोबाईलच्या काचेला बोट हलकेच लावावयाचे असते, हे त्यांच्या हाताला पटेना. हरभऱ्याचे बी मातीत टोचावे तसे त्या बोट रोवीत आणि उचलीत नसत. मग पडद्यावरची सगळी चिन्हे थरथरू लागत. ‘‘मास्तर, हे कापलालंय की!’’ असे म्हणून त्यांनी प्रथम हात जोडले. ‘दाबू नका, नुसते शिवा,’ असे मी सांगितले, आणि शब्द तोंडातून गेल्यावर मी थबकलो. कारण आमच्या पिढीत ‘शिवणे’ हा शब्द काही काचेसाठी वापरला जात नव्हता. पारावर तेव्हा सर्व गल्ल्यांतली मिळून अकरा माणसे होती आणि मोबाईल तीन. ते या हातातून त्या हातात फिरत होते. बसवण्णांचा अनुभवमंटप आमच्याच जिल्ह्यात, बसवकल्याणला, बाराव्या शतकात भरला. आमच्या पारापर्यंत तो यावयास आठशे वर्षे लागली, आणि त्याला निमित्त मोबाईल व्हावा! कोणी काही बोलले नाही. आक्कांनी शेजारणीच्या हातचा फोन घेतला आणि तो पुन्हा दाबला.

भाषेचा घोळ तर विचारूच नये. १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके आमच्याच बिदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेने मधून रेघ ओढली, परंतु मोबाईलच्या मनोऱ्यांना ती अद्याप मान्य नाही. नदीकडच्या शेतात गेले की फोन महाराष्ट्रात जातो, मारुतीच्या पारावर आला की कर्नाटकात परततो. सरकारी संदेश कन्नडमध्ये, बँकेचा इंग्रजीत, पुण्याच्या जावयाचा मराठीत. आणि फसवणाऱ्यांचा मात्र गोड हिंदीत, म्हणजे सर्वांना समजेल अशा भाषेत. जनतेच्या सोयीची एवढी काळजी कोणत्याही खात्याने घेतलेली मला आठवत नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात पोस्टमास्तरांच्या हयातीच्या दाखल्याचा प्रसंग आला. केंद्र सरकारच्या ऐंशीवरील निवृत्तांना ऑक्टोबरपासूनच मुभा असते, पण पोस्टमास्तर मुदतीच्या आधी काही करण्याच्या विरुद्ध. अंगठ्याची रेषा लागेना, म्हणून चेहरा दाखवून दाखला देण्याची जी सोय आदल्या वर्षी निघाली होती, तिचा अवलंब केला. त्यांनी कोट चढवला, टोपी घातली, आणि फोटोग्राफरसमोर बसावे तसे ताठ बसून डोळे विस्फारले. यंत्राने पापण्या मिटण्याची सूचना केली. मी ती मराठीत सांगितली. पोस्टमास्तर हलेनात.

‘‘डोळा मिचकावा म्हणता?’’

‘‘दोन्ही डोळे, काका. एकदा मिटून उघडायचे.’’

‘‘कुणाकडं बघून?’’

यंत्राचा धीर सुटला, लाल अक्षरे आली. पुन्हा प्रारंभ, पुन्हा तोच विस्फारलेला करारी चेहरा. जन्मात परस्त्रीकडे बघून ज्याने पापणी लववली नाही, तो मनुष्य पेन्शनीखातर यंत्राला डोळा घालावयास राजी होईना. अखेर पारावरच्या पिंपळावरून एक मुंगळा त्यांच्या भुवईवर पडला, पापण्या आपोआप मिटल्या, आणि पोस्टमास्तर जिवंत असल्याची भारत सरकारची खात्री पटली.

पैसे पाठविण्याचा धडा समजावताना मला दामाजीपंतांचा आधार मिळाला. दुष्काळात बिदरच्या बादशहाची पेवे लोकांना लुटू दिली म्हणून मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला, तेव्हा पांडुरंग विठू महाराच्या वेषाने बिदरच्या दरबारात गेला, सगळा वसूल मोजून दिला, पावती घेतली, आणि ती पावती दामाजीपंतांच्या गीतेच्या पोथीत जाऊन बसली, ही कथा कीर्तनांतून सर्वांच्या कानावरची. रक्कम मंगळवेढ्याची, भरणा बिदरला, पावती घरबसल्या पोथीत. २०१६ साली यूपीआय निघाले, त्यात याहून निराळे काय आहे? वर्ग प्रसन्न झाला. आक्कांनी मात्र विचारले, ‘‘तवा मधी देव होता. आता मधी कोण हाय?’’ बँक आहे, असे मी म्हणालो. त्यांच्या मुद्रेवर निराशा स्पष्ट दिसली.

ओटीपीचा धडा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्यासाठी मी बिदरचाच महमूद गवान उभा केला. १४७२ साली ज्याने मदरसा बांधला, ज्याचा रंगीत फरशांचा एक मनोरा बिदरला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला आहे, तो बहमनी राज्याचा सत्तरी ओलांडलेला वजीर. त्याच्या वैऱ्यांनी मोहर सांभाळणाऱ्या गुलामाला फितवून एका कोऱ्या कागदावर ती उमटवून घेतली, वर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण लिहिले आणि कागद सुलतानापुढे टाकला. मोहर खरी, मजकूर खोटा. १४८१ साली गवानाचा शिरच्छेद झाला. ‘‘ओटीपी म्हणजे तुमची मोहर,’’ मी आवेशाने म्हणालो, ‘‘ती कोणालाही, कोणत्याही सबबीवर, कधीही द्यायची नाही!’’ पारावर शांतता पसरली. पस्तीस वर्षांत माझा कोणताही पाठ इतका रंगला नव्हता, आणि इतका चुकलाही नव्हता.

कारण २०२३ च्या जुलैमध्ये गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली. घरच्या कर्त्या स्त्रीला दरमहा दोन हजार रुपये. आक्का कागदपत्रे घेऊन केंद्रावर गेल्या, सगळी माहिती भरून झाली, फोनवर सहा अंक आले, आणि संगणकावर बसलेल्या मुलाने ते विचारले. आक्कांनी फोन पदराखाली घातला. त्याने विनवण्या केल्या, रांगेतल्या बायका ओरडल्या. आक्का म्हणाल्या, ‘‘गवानसाहेबाचं काय झालं म्हाईत हाय का तुला?’’ मुलगा परजिल्ह्यातला. त्याने प्रामाणिकपणे विचारले, ‘‘कोणत्या गल्लीतले?’’ इतक्यात अंकांची मुदत संपली, आणि आक्का विजयी मुद्रेने घरी परतल्या.

जे काम आपण स्वतः होऊन काढले, समोर बसून करून घेतले, त्याची गोष्ट वेगळी, हा अपवाद मी शिकवलाच नव्हता. गवानाच्या मृत्यूने माझे वक्तृत्व इतके भारावले होते की अपवादाला जागा उरली नाही. पुन्हा नोंदणी होईपर्यंत उशीर झाला, आणि ३० ऑगस्टला योजनेचा प्रारंभ होऊन गल्लीतल्या बायकांच्या खात्यांवर पैसे येऊ लागले, तेव्हा त्या यादीत आक्का नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या ओसरीवर हजर झाल्या. तगादा सरळ होता: शिकवण माझी, नुकसान त्यांचे, तेव्हा दोन हजार मी भरावेत. पोस्टमास्तर तेथेच चहा घेत होते. त्यांनी मागणी रास्त ठरवली. मी फोन काढला, आणि दामाजीपंतांचे स्मरण करून आक्कांच्या खात्यावर दोन हजार रुपये रवाना केले. त्यांच्या फोनवर संदेश आला. तो त्यांनी पाहिला, पण मानला नाही. दिल्याचे कागदावर लिहून द्या, म्हणाल्या. मी लिहिले आणि खाली माझी, तालुक्यात नावाजलेली, वळणदार सही केली. आक्कांनी ती सही बराच वेळ न्याहाळली, कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘‘सही कुणीबी करतंय, मास्तर. अंगठा लावा.’’

पोस्टमास्तरांकडे त्यांचे जुने शाईचे पॅड अजून आहे. त्यांनी नातवाला घरी पिटाळून ते मागवले, दोन थेंब पाणी टाकून ओले केले, माझा डावा अंगठा आपल्या हाताने धरून कागदावर डावीकडून उजवीकडे व्यवस्थित लोळवला, आणि खाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली, उर्दूत.