इज-नंबरचा फेरफार

आमच्या संगमेश्वर तालुक्याचं तहसील कार्यालय देवरुखला आहे. ज्याच्या नावावर आहे त्याच्या ताब्यात असेलच असं नाही, हे इथल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. त्यामुळे माझ्या प्रोग्रामिंगच्या प्रोजेक्टमध्ये मी स्वतः घातलेली पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोडचे तुकडे, मूठभर आणि फोल्डरात नांदणारी शेकड्यांनी, याचं मला नवल वाटलं नाही.

कोकणातला सातबारा पाहिलाय ना? जागा दोन गुंठे आणि नावं पानभर. चुलतचुलते, सासरी गेलेल्या आत्या, आणि एखादं असं नाव की ते घरात कुणी ऐकलेलं नसतं. पॅकेज-लॉक नावाची फाइल अगदी अशीच. तिच्यात मला ‘इज-नंबर’ दिसलं. त्याचं काम एकच: समोर आलेली वस्तू संख्या आहे की नाही, ते सांगायचं.

काका शेजारी सुपारी कातरत होते. “एवढ्यासाठी माणूस ठेवलास?”

“मी नाही ठेवला.”

“मग आला कसा? फेरफार बघ.”

बरोबर होतं. सातबाऱ्यावरच्या नावाशेजारी फेरफाराचा नंबर असतो; तो धरून सहा नंबरच्या नमुन्यात गेलं की माणूस वारसाने आला, खरेदीने की कूळकायद्याने, ते कळतं. ही पॅकेजं आणून देणाऱ्या एनपीएममध्येही 2020 सालच्या सातव्या आवृत्तीपासून ‘एनपीएम व्हाय’ अशी आज्ञा आहे. तलाठी जेवायला गेलेला नसल्यामुळे उत्तर लगेच मिळतं.

इज-नंबरला आणलं टू-रेजेक्स-रेंजने, त्याला फिल-रेंजने, फिल-रेंजला ब्रेसेसने. ब्रेसेसला दोन घरांनी धरलं होतं. एक चोकिदार, म्हणजे फायली बदलल्या की हाक देणारा. (नाव आपल्याकडचंच, गडी परदेशी.) दुसरं मायक्रोमॅच, त्याच्यामागे फास्ट-ग्लॉब.

“राखणदार ठेवला की त्याचं कुटुंब येतंच,” काका म्हणाले. “काढून टाक सगळी.”

तसं काढता येत नाही. मार्च 2016 मध्ये अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरचं एका नावावरून बिनसलं, आणि त्याने आपली सगळी पॅकेजं उचलून नेली. त्यात लेफ्ट-पॅड हे अवघ्या 11 ओळींचं पॅकेज होतं. मजकुराच्या डावीकडे जागा भरण्यापलीकडे ते काही करत नसे. पण ते गेलं आणि जगभरची बडी प्रोजेक्टं अडून बसली. काकांना यात काहीच विशेष वाटलं नाही. “एका आत्याची सही राहिली तरी व्यवहार अडतो,” ते म्हणाले.

सुदैवाने चोकिदारच्या 2024 मधल्या चौथ्या आवृत्तीने तेरा आश्रितांपैकी एकच ठेवलाय. ती आवृत्ती घातली. पुन्हा व्हाय विचारलं. इज-नंबर आपल्या जागी ठाम, आता फक्त फास्ट-ग्लॉबच्या नात्याने.

काका चष्मा सावरत स्क्रीनपाशी आले. “हक्कसोड एकाच घराने दिलीय. दुसरं घर मुंबईला काय?”