मूडलवर अभ्यासक्रम उभारण्याची शास्त्रोक्त पद्धत

मूडल ही मोफत, मुक्तस्रोत अध्यापन-प्रणाली ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूजियामास यांनी घडवली, तिची १.० ही आवृत्ती २००२ मध्ये आली. विद्यार्थी एकमेकांच्या सोबतीने काहीतरी घडवत शिकतात, हे तिच्यामागचे तत्त्व. मराठी मुलखातल्या महाविद्यालयांत मात्र तिची आठवण बहुधा महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याच्या सुमारास होते.

आरंभ नामकरणाने होतो. पूर्ण नाव लांबलचक चालते, पण लघुनाव संपूर्ण संकेतस्थळावर एकमेव असावे लागते. ‘मराठी-१’ हे नाव निवृत्त झालेल्या सरांच्या रिकाम्या अभ्यासक्रमाने अडवलेले असते. तो काढण्याचा अधिकार प्रशासकाकडे, आणि प्रशासक निवडणुकीच्या कामावर. अशा वेळी ‘मराठी-१-नवीन’ हे नाव घ्यावे.

पुढे रचना निवडावी. साप्ताहिक रचनेत आरंभदिनांक दिला की प्रत्येक आठवड्याची तारीख प्रणालीच लिहिते. तिला गणपती, युवक महोत्सव आणि दिवाळीची सुट्टी यांची कल्पना नसते. ते आठवडेही आपापला रिकामा रकाना घेऊन हजर होतात. अनुभवी प्राध्यापक विषयवार रचना घेतात, कारण तीत मागे पडलेले दिसत नाही.

मजकूर म्हणून जुन्या नोट्सचे मोबाइलवर फोटो काढून पीडीएफ करावी. एखादे पान आडवे येतेच. कडेला दिसणारा अंगठा हा अस्सलपणाचा पुरावा समजावा.

यानंतरची पायरी सर्वांत नाजूक. प्रत्येक घटक दाखवण्याची वा लपवण्याची सोय असते. लपवलेला घटक विद्यार्थ्यांना दिसत नाही, शिक्षकाला मात्र किंचित फिकट का होईना, दिसतो. त्यामुळे ‘मी टाकलंय, तुम्ही बघतच नाही’ आणि ‘सर, काहीच नाहीये’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि हा संवाद महिनाभर सहज चालतो. विद्यार्थ्याची भूमिका घेऊन पान पाहण्याची सोय मूडलमध्ये आहे. ती वापरल्यास वाद मिटतो. म्हणून ती फारशी वापरली जात नाही.

विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदणी करावी यासाठी एक परवलीचा शब्द ठेवता येतो. तो गुप्त असल्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. तिथे लगेच ‘सर, पीडीएफ इथेच टाका ना’ असे उत्तर येते. पीडीएफ तिथेच टाकावी.

चाचणीची वेळ बांधून देता येते. एकदा सुरू केल्यावर खिडकी बंद केली किंवा वीज गेली तरी घड्याळ थांबत नाही. वेळ संपताच जतन झालेली उत्तरे आपोआप जमा होतील, असेही ठरवता येते. कॉपी रोखण्यासाठी पर्यायांची सरमिसळ चालू ठेवावी. मग ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय कधीकधी सर्वांत वर जाऊन बसतो. त्याच्या वर काहीच नसल्याने तो तर्कदृष्ट्या चूक ठरतो, पण गुण त्यालाच मिळतात.

शेवटी मूडलच्या वापराच्या नोंदींचा अहवाल काढून त्याचे रंगीत स्क्रीनशॉट स्पायरल बाइंडिंगसह फाइलला लावावेत. नॅकच्या समितीला पडद्यापेक्षा कागद मानवतो. वर्षअखेर बॅकअप घ्यावा आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा उतरवावा. उतरवताना आरंभदिनांक बदलला तर बाकीच्या मुदतीही पुढे सरकतात. न बदलल्यास नव्या तुकडीचे सर्व स्वाध्याय पहिल्याच दिवशी मुदत उलटलेले दिसतात.