टँकर सकाळीच आला पाहिजे

खर्डीच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे मांडून टँकरची वाट बघतात. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं याच शहापूर तालुक्यात. त्या अन्यायावर पुष्कळ लिहून झालंय. आज मला फक्त टँकरच्या वेळेबद्दल बोलायचंय. भर दुपारी उन्हात बाईला रांगेत उभं करणं म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणं.

१६ एप्रिल २०२३ आठवा. खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात माणसं तासन्‌तास उघड्यावर बसली आणि उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. आपल्याकडची हवा दमट; घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. तेव्हा ‘विदर्भात पंचेचाळीस असतं, आपल्याला काय होतंय’ हे बोलणं बंद करा.

चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले तर सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या. पण माणूस भलतंसलतं बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले, शुद्ध हरपली आणि अंग चटका बसावा इतकं तापलं, तर तो उष्माघात. अंग कोरडंच असेल असं नाही. वीटभट्टीवर राबणारा घामानं निथळतानाही कोसळतो. १०८ ला फोन लावा आणि गाडीची वाट न बघता लगेच अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, खिशातला कांदाही नाही. आधी अंग थंड करायचं, मग दवाखाना गाठायचा. मेंदू आणि मूत्रपिंडं वाचतात ती या पहिल्या काही मिनिटांत.

म्हणजे औषध पाणीच, आणि पाड्यावर तेच नाही.

म्हणून टँकर सकाळी नऊच्या आत आला पाहिजे. भट्टीमालकांनी बारा ते चार काम थांबवावं, सावली आणि पिण्याचं पाणी द्यावं, आणि त्या तासांची मजुरी कापू नये. १ मेच्या ग्रामसभेत हे ठरावात लिहून घ्या. टँकरच्या वेळेचा अर्ज मात्र आजच पंचायत समितीत द्या.