सगळं ओरिजिनल

जुन्या गाडीच्या मालकांच्या दोन जाती असतात. एकाला ती विकता येत नाही आणि दुसऱ्याला ती विकायचीच नसते. पहिल्याची गाडी कंपाउंडच्या भिंतीला टेकून धूळ खाते. दुसरा स्वतःच गाडीखाली आडवा पडून धूळ खातो. आमच्या पुण्याच्या सोसायटीतले फियाटवाले काका दुसऱ्या जातीचे.

आरसी बुकात त्यांची गाडी 'प्रीमियर पद्मिनी' आहे. पण हे नाव काकांना मान्य नाही. १९६४ साली हीच गाडी 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघाली होती. दहा वर्षांनी कुर्ल्याच्या कारखान्याने बारसं बदललं, म्हणून इटालियन खानदान बदलतं का, असा त्यांचा सवाल असतो. उत्तर द्यायला कुणी थांबत नाही, कारण थांबलेल्याला बॉनेटमध्ये डोकं घालावं लागतं.

'ओरिजिनल' हा काकांचा गुरुमंत्र आहे. शेजारच्या सोसायटीतल्या एका पद्मिनीला मालकाने एसी बसवला, तर काकांनी त्याच्या मुलाच्या मुंजीला जायचं टाळलं. अशा कर्मठ माणसाने गिअरबॉक्स बदलायला काढला तेव्हा आम्ही चकितच झालो. 'बदलत नाहीये, अपग्रेड करतोय,' काका म्हणाले.

गरज होती, हे खरं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगखाली. ड्रायव्हर लोक त्याला हँड गिअर म्हणतात. दांड्यांचे बुश झिजले की दोन गिअर एकदम अडकतात. मग काका भर सिग्नलला खाली उतरत, बॉनेट उघडत, आत हात घालून दांडी सोडवत आणि मागच्या हॉर्नवाल्यांकडे ढुंकूनही न बघता परत जाऊन बसत. शिवाय गिअर चारच. चौथ्यात इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरणार, म्हणजे हायवेला ऐंशी गाठली की १०८९ सीसीचं इंजिन जीव खाऊन ओरडणार. पाचवा असता तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी झाले असते. 'तिलाही आता वयाप्रमाणे शांतता हवी,' काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी काकूंच्या बाबतीत कधी उच्चारलेलं नाही.

नाना पेठेत एका जपानी गाडीचा पाच गिअरचा बॉक्स मिळाला. आतल्या सिंक्रो रिंगा मात्र गुळगुळीत झाल्या होत्या. भाचा परदेशात. इतरांचे भाचे चॉकलेटं आणतात. काकांच्या भाच्याने मोज्यांत गुंडाळून पितळी रिंगा आणल्या आणि विमानतळावरच्या कस्टमवाल्याला त्या देवपूजेच्या नाहीत हे पटवता पटवता घामाघूम झाला. पुढचे आठ दिवस काका भेटेल त्याला सांगत होते, 'ऑइल जीएल-फोरच घाला. जीएल-फाइव्ह पितळ खातं.' यात आमचे दूधवालेही आले, जे सायकलवरून येतात.

मग कळलं, की जपानी बॉक्स इटालियन इंजिनाला थेट बसतच नाही. मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट हवी. ती लेथवाल्याने दोनदा कातली. क्लच प्लेटचे दाते नव्या शाफ्टला जुळेनात, म्हणून क्लच प्लेट बदलली. बॉक्स लांब, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केला, बॅलन्स करून आणला. गिअरचा दांडा वर काढायला गाडीच्या तळाला भोक पाडलं. स्पीडोमीटर उभ्या गाडीतही वीस दाखवू लागला. 'बॉक्स तसा स्वस्तातच पडला,' काका म्हणाले. बाकीच्या पावत्या त्यांनी काकूंना दाखवलेल्या नाहीत.

पण ओरिजिनलचं काय? काकांनी त्याचाही तोडगा काढला. स्टिअरिंगखालचा जुना दांडा तसाच ठेवला. तो कशालाच जोडलेला नाही, पण रोज पुसला जातो. खरा गिअर दोन सीटच्या मध्ये, काकूंनी विणलेल्या लोकरी टोपीखाली. काकांना कुणी विचारलं, 'ओरिजिनल आहे का हो?' तर ते वरच्या दांड्याकडे बोट दाखवतात आणि पायाने टोपी सारखी करतात.

राहता राहिला पाचवा गिअर. आमच्या भागात दुसरा पडून तिसऱ्याला हात घालावा तोवर पुढे रिक्षा आडवी येते. पाचवा वापरायचा म्हणून काका एका रविवारी पहाटे मलाही घेऊन हायवेला गेले. पाचवा पडला. इंजिन खरोखरच शांत झालं. काकांचा चेहरा असा उजळला, की वेग किती हे विचारायचा धीर मला झाला नाही. स्पीडोमीटरलाही तो सांगता आला नसता.

परतल्यावर चहाला वर गेलो. दिवाणाखाली पाय लांब केला तर काहीतरी लोखंडी लागलं. मेणकापडात गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला, ग्रीस माखलेला जुना गिअरबॉक्स.

'हा भंगारात नाही का दिला?' मी विचारलं.

काकांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. 'वेडा आहेस का? पुढेमागे गाडी ओरिजिनल करायची झाली तर?'