रविवारी निघणारा

रविवारी निघणारा म्हणजे एकवीस ते सव्वीस वर्षांचा, सोमवारी सकाळी दहा वाजता पुण्यात हजर व्हायचं असलेला आणि त्याआधीचे दोन दिवस घरी नुसतं लोळायचा बेत आखलेला तरुण. महाराष्ट्राच्या बहुतेक तालुक्यांत तो आढळतो, पण बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात त्याचं पीक चांगलं येतं. याचं कारण भूगोलात आहे. तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडणारं आंबाबरवा अभयारण्य आहे, दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा आहे आणि मधल्या काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर आहे. इथे वाघासाठी राखीव जागा आहे, बी.ई. झालेल्यासाठी नाही. म्हणून वाघ राहतो आणि बी.ई. पुण्याला जातो.

त्याचे तीन पोटप्रकार आहेत. पहिला हिंजवडीचा. याच्या गळ्यात लवकरच कंपनीचं ओळखपत्र येणार असतं, त्यामुळे त्याचा मान मोठा. दुसरा चाकण किंवा रांजणगावचा. हा कंत्राटावर असतो, पण ही गोष्ट गावात सांगत नाहीत. तिसरा स्पर्धा परीक्षेचा. तो पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून अभ्यासिकेत बसणार असतो. त्याला निरोप द्यायला कमी लोक येतात, कारण तो परत येताना काय होऊन येईल याचा कुणालाच अंदाज नसतो. निघणारी मुलगी असेल तर प्रकार तोच, फक्त आरामाच्या जागी सूचना असतात. त्या सूचना शुक्रवारी रात्री सुरू होतात आणि गाडी हलल्यावर खिडकीतून पूर्ण होतात.

या शनिवार-रविवारचा हिशेब आधी समजून घ्यावा लागतो. सोमवारी सकाळी पुण्यात असायचं तर रविवारी संध्याकाळी निघणं भाग आहे. वाटा दोन. एक, शेगावहून गोंदिया–कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस, जिच्या वेटिंगच्या आकड्यावर शनिवारभर घरातले सगळे डोळा ठेवून असतात. दुसरी, खासगी ट्रॅव्हल्स, जी रात्रभर खामगाव, चिखली, जालना, संभाजीनगर करत भल्या पहाटे वाघोलीला झोपेतून उठवते. कोणत्याही वाटेने गेलं तरी दोन दिवसांतला अर्धा दिवस प्रवासाने खाल्लेला असतो. उरलेल्या दीड दिवसावर घरच्यांचा, गावाचा आणि देवाचा हक्क असतो.

घरच्यांचा हक्क शनिवारी सकाळी सहालाच बजावला जातो. निघणारा हा घरातला एकमेव संगणक विभाग असतो आणि विभाग बंद व्हायच्या आत साचलेली कामं उरकायची असतात. पीएम किसानची ई-केवायसी, पीक विम्याचा अर्ज, ऑनलाइन सातबारा, आईच्या मोबाइलमधले आठशे गुड मॉर्निंगचे फोटो काढून जागा करणं, टीव्हीचा रिचार्ज. ई-पीक पाहणीसाठी तर वावरातच जावं लागतं, कारण पिकाचा फोटो तिथे उभं राहूनच काढायचा असतो. निघणारा बांधावर उभा राहून मोबाइल आभाळाकडे धरतो, रेंज येते आणि जाते, आणि वडील शेजारच्या वावरातल्या माणसाला मोठ्याने सांगतात, "पुण्याले चाल्ला ना आता, म्हनून करून घेतो." मग आता आलोच आहोत तर, असं म्हणून खताची पोतीही त्याच्याच पाठीवरून खोपीत जातात.

दुपार गावाची. या दिवसांत निघणाऱ्याची किंमत अचानक चढते. दोन वर्षं ज्याला कुणी "काय करतं सध्या?" याखेरीज काही विचारलं नाही, त्याला चौकात खुर्ची मिळते. पहिला प्रश्न पॅकेजचा. उत्तर मुलाने दिलं तर महिन्याचं असतं, वडिलांनी दिलं तर वर्षाचं, आणि मामांनी दिलं तर तीन वर्षांनंतरचं. दुसरा प्रश्न पुण्यात कुठे, हा. पण तो नुसताच विचारायचा म्हणून, कारण घाटाखालच्या मंडळींच्या दृष्टीने पुणे हे एकच ठिकाण आहे आणि तिथली सगळी माणसं रोज एकमेकांना भेटतात. "आपल्या मोठ्या मायच्या पुतनीचा जावई बी तिथंच राहते, जेवाले जात जाजो." जावई चाकणला असतो, खोली हिंजवडीत, आणि मध्ये दीड तासाची वाहतूक कोंडी.

पॅकेज कळल्यानंतर भविष्य सांगितलं जातं. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. अठरा धान्यं मांडून दुसऱ्या पहाटे ती कशी सरकली यावरून पाऊस, पीक आणि राजाची गादी यांचं भाकीत केलं जातं. एवढ्या जवळ राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना घटाचीही गरज पडत नाही. ते मुलाकडे एकदा पाहतात आणि सांगतात : दोन वर्षांत फ्लॅट, तिसऱ्या वर्षी सोयरीक, पाचव्या वर्षी परदेश. पीक साधारण, पण राजा कायम. लगोलग आपल्या मुलाचा बायोडाटा त्याच्या हातात देतात. "आमच्या पोट्ट्याचंही पाहजो काही." रविवार उजाडेपर्यंत असे तीन-चार बायोडाटे जमलेले असतात. ज्या कंपनीत तो अजून रुजूही झालेला नाही, तिथली भरती त्याने सुरू केलेली असते.

रात्र मित्रांची. शेगाव रस्त्यावरच्या ढाब्यावर पार्टी होते आणि ती निघणाऱ्याने द्यायची असते. पहिला पगार महिनाभर लांब आहे, हा मुद्दा तिथे विचारात घेतला जात नाही. याच रात्री जुनी उधारी वर येते. पानठेल्याची, क्रिकेटच्या बॅटसाठी काढलेल्या वर्गणीची, आठवीतल्या कंपासपेटीची. "पगार झाला का पाठवतो," असं तो प्रत्येकाला सांगतो. त्यामुळे ढाब्यावरून उठताना तो त्या टेबलावरचा सर्वांत कर्जबाजारी आणि सर्वांत यशस्वी माणूस असतो.

देवाचा हक्क दोन ठिकाणी चालतो. शेगावचं दर्शन शनिवारीच उरकलं तर बरं, कारण रविवारची रांग मोठी. रांगेत आईचं प्रवचन चालतं. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. मेसच्या भाजीला नावं ठेवायच्या तयारीत असलेल्या मुलाला हा दाखला पुन्हा दिला जातो. मुलगा मान डोलावतो आणि बाहेर आल्यावर कचोरी मागतो. ही कचोरी फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर विकायला सुरुवात केली. म्हणजे गाव सोडणाऱ्याने जाताना बांधून घ्यायची वस्तूसुद्धा गाव सोडून आलेल्या माणसाची आहे. निघणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण तो खोलीतल्या मुलांसाठी पंचवीस नग मोजून घेत असतो.

दुसरा देव वारीचा हनुमान, वान नदीकाठचा. नोकरी लागू दे म्हणून आईने रोडग्यांचा नवस बोललेला असतो आणि तो निघण्याआधी फेडायचा असतो. रविवारी सकाळी गोवऱ्या, परात आणि सतरा माणसं एका छोट्या हत्तीत बसतात. रोडग्याला घाई चालत नाही. गव्हाचं जाडसर पीठ ओवा-मीठ घालून घट्ट भिजवायचं, लहान लहान पाऱ्या लाटून मध्ये तेल लावत एकावर एक ठेवायच्या, मग वरून एका पारीत सगळ्यांना गुंडाळून गोळा करायचा. गोवऱ्यांचा जाळ बसला की तो आरात पुरायचा आणि फिरवत राहायचं. भाजला की फडक्यात धरून राख झटकायची, तळहाताने दाबायचा आणि फुटलेल्या पदरांत तूप सोडायचं. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पहिला नैवेद्य देवाला, दुसरा निघणाऱ्याला. तिसऱ्या रोडग्याला तो "बस" म्हणतो, पण तोवर चौथा ताटात फुटलेला असतो. वीकेंडचा म्हणून जो आनंद ठरवला होता, त्यातला हा तासाभराचा भाग खरोखर त्याच्या वाट्याला येतो. पुढचा तास लिंबाखाली पडायचा असतो. पण तेवढ्यात सामान बांधायची वेळ होते.

सामान बांधण्याचं शास्त्र आईचं असतं आणि त्याचा पाया एकाच सिद्धांतावर उभा असतो : "तिकडं असं भेटत नाही." तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, तिखट, कुरड्या, पापड, सांडगे, तूप, लोणचं यांतलं काहीही पुण्याच्या दुकानात मिळतं, असं म्हटलं तर "असं" या शब्दावर जोर देऊन सिद्धांत पुन्हा सांगितला जातो. लोणच्याची बरणी आधी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात आणि तो गुंडाळा, आदळआपट होऊ नये म्हणून, सोमवारी घालायच्या पांढऱ्या शर्टाच्या घडीत ठेवतात. बॅगेत न मावलेलं गोणीत जातं. खोलीवर चार मुलं आणि शून्य गॅस आहेत, हे निघणाऱ्याला ठाऊक असतं. तो ते सांगत नाही. ती डाळ दिवाळीत त्याच्याबरोबरच घरी परत येते आणि आई म्हणते, पाहा, डाळ किती टिकली.

पाण्याची काळजी वेगळी. खारपाणपट्ट्याच्या कडेला पिढ्या काढलेल्या, वान धरणाचं पाणी नळाला आलं की मोठा सण मानणाऱ्या घरात निघणाऱ्याला बजावलं जातं, "तिकडलं पानी बाधते, सांभाळून पेजो." खडकवासल्याच्या पाण्याविषयी असा संशय पुण्यात कुणी घेत नाही. पण ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला दुपार लागते, ते पाणी अंगवळणी पडलेलं असतं, आणि आईच्या मते अंगवळणी पडलेलं तेच चांगलं.

निरोप वरवट बकालच्या फाट्यावर होतो. ट्रॅव्हल्स तासभर उशिरा येते, त्यामुळे निरोप दोनदा घ्यावा लागतो आणि दुसऱ्या वेळी कुणाजवळ बोलायला काही उरत नाही. वडील गोणीच्या भाड्यावरून क्लीनरशी वाद घालतात. या वादाला कुटुंबात मोठं महत्त्व आहे, कारण तेवढ्या वेळात त्यांना मुलाकडे पाहावं लागत नाही. आई "पोहोचला का फोन करजो" हे चौथ्यांदा सांगते. गाडी हलते. फोन मात्र आधी घरूनच जातो : सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी, ओरिएंटेशन चालू असताना. ई-केवायसी पुन्हा अडकलेली असते आणि ओटीपी त्याच्याच नंबरवर आलेला असतो.

हा प्रकार कायमचा नसतो. पहिल्या दिवाळीनंतर निघताना फाट्यावर निम्मी माणसं असतात, दुसऱ्या दिवाळीनंतर फक्त वडील, तेही मोटारसायकल बंद न करता. गोणीची पिशवी होते. बायोडाटे थांबतात, कारण कुणाचंच काम झालेलं नसतं. पॅकेज कुणी विचारत नाही, फ्लॅटचं भाकीत पुढच्या वर्षावर ढकललं जातं आणि चौकातली खुर्ची नव्याने निघणाऱ्या मुलाकडे जाते. घरचा संगणक विभागही धाकट्या बहिणीने सांभाळलेला असतो. मग एखाद्या साध्या शनिवार-रविवारी तो येतो. ना दर्शन, ना नवस, ना कुणाला भेटायला जायचं. जेवून माडीवर आडवा होतो तो थेट पाच वाजता उठतो. शेवटच्या वीकेंडला ठरवलेला आराम त्याला असा मिळतो, पण वीकेंड शेवटचा असेपर्यंत मिळत नाही.