शिंद्यांच्या दोन गाड्या

ग्वाल्हेरला शिंद्यांनी दोन छोट्या रेल्वे दिल्या. एक जयविलास महालात, थेट जेवणाच्या टेबलावर: चांदीची, पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार फिरवणारी. सुरई उचलली की जागीच थांबणारी.

दुसरी प्रजेची. दोन फुटी रुळांवरून श्योपूरपर्यंतचे सुमारे 200 किलोमीटर ती दहा-अकरा तासांत कापायची. आत जागा नसली, तर टप होताच. 2020च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच.

आता ब्रॉडगेज येतेय, टप्प्याटप्प्याने. जुनी आधी काढायची, नवी सवडीने आणायची, ही सरकारी रीत. तोवर प्रवाशाने बस धरावी, जीप धरावी, नाहीतर धीर धरावा.

महालातल्या गाडीला ना आराखडा, ना निविदा. तिचं तिकीट आजही मिळतं, फक्त बघण्यापुरतं.