जिममधील छायाचित्रण : प्रकाश, आरसा व पोट

शरीरसौष्ठवपटूचे व्यायाम करताना टिपलेले छायाचित्र आणि स्पर्धेच्या मंचावरचे छायाचित्र हे दोन निराळे प्रकार होत. मंचावर पटू रंग फासून, पाणी पिणे तोडून, हसऱ्या चेहऱ्याने उभा असतो. जिममध्ये तो घामेजलेला आणि वैतागलेला असतो. मंचावरचा, पोझ देण्याचा प्रकार जुना. शरीरसौष्ठवपटू यूजेन सँडोची छायाचित्रे १८९० च्या दशकापासून विकली जात, आणि त्यांत त्याला कुठे धाप लागल्याचे दिसत नाही. सरावातली वेडीवाकडी तोंडे लोकांपुढे आली ती मुख्यतः ‘पंपिंग आयर्न’ या १९७४ च्या पुस्तकातून. छायाचित्रे जॉर्ज बटलरची होती.

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात छायाचित्रणाची वेळ शिफ्ट ठरवते. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बस भोसरी, मोशी, नाणेकरवाडीला माणसे उतरवतात आणि जिम भरते. नाइटवाले सकाळी परस्पर येतात. व्यायामाने फुगलेला स्नायू, म्हणजे ‘पंप’, थोडा वेळच टिकतो. त्यामुळे लेन्स बदलत बसणाऱ्याच्या वाट्याला ओसरलेले दंड येतात.

प्रकाश डोक्यावरच्या ट्यूबचा असतो. खांदे आणि छातीचे कट्स त्यात झकास उठतात, डोळ्यांच्या मात्र खोबणी होतात. शिवाय ५० हर्ट्झच्या विजेवर साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/१०० ठेवावे तर हलता डंबेल पुसट येतो, १/५०० ठेवावे तर फोटोत काळपट पट्टे उमटू शकतात. यावर उपाय असा, की रेपच्या, म्हणजे एका उचलीच्या, टोकाला डंबेल क्षणभर थांबतो तेव्हा १/१०० वर बटण दाबावे. हा क्षण हुकला की छायाचित्रकार ‘अजून एक मार ना, भाऊ’ असे म्हणतो आणि नैसर्गिक छायाचित्रण तिथे संपते.

आरसे तिन्ही भिंतींना असतात. त्यामुळे जवळपास प्रत्येक चौकटीत पटूच्या मागे छायाचित्रकारही येतो, पोटासह. कॅमेरा हलू नये म्हणून श्वास रोखावा असे सांगितले जाते. पोट आत घेण्यासाठीही श्वासच रोखावा लागतो. पन्नाशीचे छायाचित्रकार या दुसऱ्या कारणाला तंत्र म्हणतात. ‘काका, सोडा आता, सेट संपला,’ असे पोरांनी सांगितल्यावर ते सोडतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘काका’ हा शब्द जिममध्ये अनावश्यक आहे.

या छायाचित्रांचे अंतिम स्थान फ्लेक्स. फ्लेक्सचा अभ्यास स्वतंत्र ग्रंथात व्हायला हवा, पण तो कोणी छापणार नाही म्हणून येथेच. मध्यभागी वाढदिवसवाला, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल; वर नेते, पदानुसार लहानमोठे; खाली शुभेच्छुकांचे तळहाताएवढे चेहरे. मागे वाघ. वाघाचे प्रयोजन कोणी विचारत नाही. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले आणि निवडणूक वर्षानुवर्षे लांबत गेली. तेवढा काळ फ्लेक्सवरचे ‘भावी नगरसेवक’ भावीच राहिले. पंप मिनिटांत उतरतो, भावीपण उतरत नाही. फ्लेक्सवाला दंड एका दिशेला ओढून रुंद करतो, त्यात मागची बारबेलची चकतीही लंबगोल होते. प्रकाशाची एवढी काळजी घेऊन काढलेल्या फोटोचे हे होताना पाहणे क्लेशकारक असते, आणि तक्रार करावी तर गिऱ्हाईक खूश असते.

खूश का असते, याचे उत्तर कंपनीच्या गेटपासमध्ये आहे. गिऱ्हाईक बहुधा कंत्राटी कामगार; त्याचा तिथला फोटो कॉम्प्युटरवरच्या छोट्या कॅमेऱ्याने, रांगेत, ‘पुढचा या’ म्हणत काढलेला असतो. त्यात तो संशयित दिसतो. कंत्राट बदलले की पास बदलतो, फोटो तसाच निघतो. खोलीत चौघे, पगारातून घरी पैसे, उरल्यात अंडी आणि जिमची फी. दंड तेवढा त्याने स्वतः, स्वतःच्या वेळात केलेला असतो. तो दोन इंच वाढवून मागितला तर वाढवून द्यावा.

छायाचित्रे व्हॉट्सॅपवरून पाठवतात. मूळ फाइल कोणी मागत नाही. डीपी गोल असल्याने पसरलेले दोन्ही दंड त्यात कापले जातात. म्हणून हात डोक्यामागे घेतलेला एक उभा फोटो वेगळा काढून ठेवतात.